बँड दिसला, पुढे काय? बडोद्यातल्या एका प्रकल्पाच्या नोंदी

३ जुलै २०२४, बुधवार

डभोईकडच्या एका गावतळ्यातून आज सहा रोहू आणले. चार मरणपंथाला लागलेले आणि दोन तळ्याच्या दुसऱ्या टोकाचे, वरून तरी धडधाकट. ज्या काकांनी तळं पंचायतीकडून ठेक्याने घेतलंय, त्यांनीच पिशवीत पाणी आणि ऑक्सिजन भरून दिला. मी प्रकल्पाबद्दल सांगायला गेले, पण त्यांना एकच गोष्ट हवी होती. "बेन, कई दवा नाखुं ए कहो ने." कुठलं औषध टाकू, एवढंच. चुना टाकून झाला होता, पोटॅशियम परमँगनेटही झालं होतं. मी म्हटलं, आधी बघू तरी काय आहे. ते काही बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर 'ही पण तसलीच' असं स्पष्ट दिसत होतं.

लवंगेच्या तेलाच्या पाण्यात सोडला की मासा मिनिटा-दोन मिनिटांत आडवा होतो आणि सगळ्या लॅबला दाढदुखीचा वास येतो. आजारी माशाचं पोट फुगलेलं, गुदद्वार लालबुंद, परांच्या मुळाशी रक्त साकळलेलं. पोट उघडल्याबरोबर तांबूस पाणी ट्रेमध्ये सांडलं. मूत्रपिंड म्हणजे कण्याखाली चिकटलेली काळपट तांबडी पट्टी. ती चिमट्याने उचलायला गेले तर शिऱ्यासारखी विरघळली. तिथूनच लूप, म्हणजे जीवाणू उचलायची तारेची कडी, भरला. कल्ले आणि खवले यांच्यावर तळ्यातलं सगळंच चिकटलेलं असतं, त्यामुळे तिथे जीवाणू सापडला तर काहीच सिद्ध होत नाही. मूत्रपिंडात सापडला तर तो आत घुसला होता, एवढं तरी म्हणता येतं.

अंगावर खोल व्रण असते तर मी हा मासा घेतलाच नसता. भारतात १९८८ पासून माशांची जी व्रणाची साथ पसरली, तिचं मूळ अफानोमायसीस इन्व्हॅडन्स नावाच्या बुरशीसारख्या जीवात आहे. माझ्या प्रकल्पातला जीवाणू, एरोमोनास, तिथे मागून येतो आणि पुष्कळदा आळ मात्र त्याच्यावर जातो.

प्रश्न लिहून ठेवते, म्हणजे डिसेंबरमध्ये सोयीनुसार बदलायला नको. एरोमोनास हायड्रोफिला गोड्या पाण्यात बारमाही असतो. एकाच तळ्यातला एक वाण मासा मारतो, दुसरा माशाच्या कल्ल्यावर निवांत राहतो. या फरकात जनुकांचा हात किती?

६ जुलै, शनिवार

तीन वाण निवडले. ड-३ आजारी माशाच्या मूत्रपिंडातला, ड-७ धडधाकट माशाच्या कल्ल्यावरचा, प-२ तळ्याच्या पाण्यातला. रिमलर-शॉट्स माध्यमावर तिन्ही पिवळे, एरोमोनासची ती खूण. ऑक्सिडेजच्या कागदावर तिन्ही जांभळे. अँपिसिलिनमध्ये तिन्ही मजेत वाढतात. एरोमोनासला तो प्रतिकार जन्मजातच आहे. हे पुढे कामी येणार.

जाती नक्की करायला, जीवाणू ओळखताना नेहमी वाचतात ते १६-एस जनुक पुरत नाही, या कुळात त्या जनुकात जवळच्या जाती सारख्याच दिसतात. म्हणून जायर-बी या जनुकाचे तुकडे सिक्वेन्सिंगला पाठवले. रांग मोठी आहे म्हणे.

आईने विचारलं, उरलेल्या माशांचं काय केलं. ऑटोक्लेव्ह केले म्हटल्यावर म्हणाली, बरं केलंस, नाहीतरी गोड्या पाण्यातला मासा म्हणजे नुसता चिखल. आमच्या घराण्याला बडोद्यात येऊन चार पिढ्या झाल्या तरी जिभेला अजून समुद्रच लागतो. रोहू आमच्याकडे फक्त माझ्या वहीत शिजतो.

१९ जुलै, शुक्रवार

पीसीआर, म्हणजे हव्या त्या जनुकाच्या असंख्य प्रती काढणं. जनुक असेल तर जेलवर त्याची पट्टी, म्हणजे बँड, दिसतो. आधी एर-ए. हे जनुक एरोलायसिन नावाचं विष बनवतं. जीवाणू ते विष अर्धवट अवस्थेत बाहेर सोडतो, त्याला प्रोएरोलायसिन म्हणतात. शेपटाकडचा तुकडा कापला गेला की ते जागं होतं, मग त्याचे सात रेणू कडं करून पेशीच्या पडद्याला भोक पाडतात. पाणी आत शिरतं आणि पेशी फुटते. प्रोएरोलायसिनची स्फटिकरचना १९९४ मध्ये उलगडली. त्यातले रेणू जोडीजोडीने एकमेकांना मिठी मारून बसलेले आहेत, विषाचं चित्र म्हणून विश्वास बसू नये इतके.

जेलचा फोटो बाजूला चिकटवलाय. ड-३ ला बँड आला, तो येणारच होता. प-२ ला नाही, हेही ठीक. पण धडधाकट माशावरच्या ड-७ ला बँड आला, आणि तोही ड-३ पेक्षा ठसठशीत! (ठसठशीतपणाला काही अर्थ नाही हे मला माहीत आहे. नमुन्यात डीएनए जास्त असेल. तरी राग आला.)

दुसरं रक्तभेदी जनुक एचएलवाय-ए ड-३ आणि ड-७ दोघांत आहे, प-२ मध्ये नाही.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "तुझ्या स्वयंपाकघरात सुरी आहे ना? मग आजच्या पेपरात तुझं नाव का नाही?" आणि मीटिंगला निघून गेल्या.

२४ जुलै, बुधवार

मेंढीच्या रक्ताच्या अगारवर रेषा ओढल्या, एक संच ३७ अंशांना, एक २८ ला. मासा गरम रक्ताचा नाही आणि ३७ अंशांच्या तळ्यातही राहत नाही. लॅबच्या इनक्यूबेटरला मात्र ३७ ची सवय.

ड-३: दोन्हीकडे कॉलनीभोवती रक्ताचा लाल रंग जाऊन काचेसारखं स्वच्छ वर्तुळ. ड-७: २८ ला एक धूसर कडा, ३७ ला तीही नाही. प-२: काही नाही.

म्हणजे ड-७ कडे जनुक आहे आणि काम दिसत नाही. विष बनतच नाही, की बनून बाहेर पडत नाही, की बाहेर पडून झोपलेलं आहे? बाहेर पडण्याचा रस्ता वेगळ्याच जनुकांच्या हातात असतो. दुसऱ्या प्रकारच्या स्रावयंत्रणेची एक्स (exe) नावाची जनुकं बिघडवली, तर एर-ए शाबूत असूनही एरोलायसिन पेशीच्या आतच अडकून पडतं. नुसती सुरी काय कामाची, ड्रॉवरही उघडायला हवा. (मॅडमची उपमा डोक्यात बसली आहे.)

२ ऑगस्ट, शुक्रवार

आजचा दिवस चांगला. द्रव माध्यमात वाढवून पेशी खाली बसवल्या, वरचं पाणी गाळून घेतलं आणि दोन भाग केले. एकात थोडं ट्रिप्सिन, म्हणजे प्रथिनं कापणारं विकर. मग रोहूचंच रक्त. शेपटीच्या शिरेतून हेपरिन लावलेल्या सिरिंजने काढलेलं, सलाइनमध्ये तीनदा धुतलेलं. माशाच्या तांबड्या पेशी लंबगोल असतात आणि त्यांत केंद्रक असतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघताना तांदळाच्या कण्यांवर शाईचा एकेक ठिपका दिल्यासारखं दिसतं.

ड-७ चं पाणी, ट्रिप्सिनशिवाय: अर्ध्या तासानंतरही पेशी जशाच्या तशा, नळीच्या तळाशी लाल बटण. ट्रिप्सिनसह: बटण नाहीसं, सगळी नळी स्वच्छ लाल सरबत. नुसत्या ट्रिप्सिनच्या नळीत बटण शाबूत, म्हणजे ट्रिप्सिनने पेशी फोडलेल्या नाहीत.

म्हणजे ड-७ विष बनवतो आणि बाहेरही टाकतो. फक्त ते जागं करायला लागणारा प्रोटीएज (प्रथिनं कापणारं विकर) त्याच्याकडे तोकडा आहे. दुधाच्या अगारवर ताडून पाहिलं. ड-३ भोवती दूध फाटून मोठं वर्तुळ, ड-७ भोवती जेमतेम नखाएवढं. एका जनुकाचं काम दुसऱ्या जनुकाच्या हातात.

घरी जाताना रावपुऱ्यात सेव-उसळ खाल्ली.

५ ऑगस्ट, सोमवार

शुक्रवारचा आनंद आज मॅडमनी दहा मिनिटांत उतरवला. प्रोएरोलायसिन जागं करायला जीवाणूचाच प्रोटीएज हवा असं थोडंच आहे? १९९८ मध्येच दाखवलं गेलंय की यजमान पेशीतलं फ्युरिन नावाचं विकरही तेच काम करतं. म्हणजे ड-७ ला ताटात मिळाली नाही ती मदत प्राण्याच्या अंगात आयती मिळू शकते. कापणारा प्रोटीएज नाही म्हणून वाण निरुपद्रवी, हे माझं वाक्य खोडलं. खोडलेलं तसंच ठेवलंय.

शांतारामकाका पॅथॉलॉजीत आहेत, त्यांना रात्री फोनवर हे सगळं सांगत होते तर ते हसायलाच लागले. एरोलायसिन पेशीवर जाऊन चिकटतं ते जीपीआय नावाच्या स्निग्ध नांगराने बसवलेल्या प्रथिनांना. पॅरॉक्सिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिनुरिया या रक्ताच्या आजारात काही रक्तपेशींवर हे नांगरच नसतात. म्हणून त्याच्या तपासणीत याच विषाचं भोक न पाडणारं, चमकणारा रंग जोडलेलं रूप वापरतात. जी पेशी चमकत नाही ती आजारी. तळ्यातलं विष काकांच्या मशीनमध्ये बाटलीबंद येतं आणि मला हे इतके दिवस माहीत नव्हतं.

२० ऑगस्ट, मंगळवार

म्यूटंट मिळाला! ड-३ चं एर-ए मधोमध तोडलं.

पद्धत थोडक्यात. एर-ए च्या मधला सुमारे पाचशे अक्षरांचा तुकडा सुईसाइड प्लाझ्मिडमध्ये बसवला. (प्लाझ्मिड म्हणजे गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं कडं.) हे प्लाझ्मिड खास ई. कोलायमध्येच स्वतःची नक्कल करू शकतं. एरोमोनासमध्ये गेलं की एकतर मरायचं, नाहीतर गुणसूत्रात शिरून जगायचं. तुकडा सारखा असल्याने ते नेमकं एर-ए मध्ये शिरतं आणि जनुकाचे दोन अपुरे तुकडे होतात. ई. कोलाय आणि ड-३ रात्रभर एकत्र ठेवले, सकाळी अँपिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल दोन्ही असलेल्या ताटात पसरले. अँपिसिलिनने ई. कोलाय मेला, क्लोरॅम्फेनिकॉलने प्लाझ्मिड न घेतलेला ड-३ मेला. ती जन्मजात अँपिसिलिन-प्रतिकाराची गोष्ट इथे कामी आली. एकूण अकरा कॉलन्या उगवल्या, पीसीआरवर चार खऱ्या निघाल्या. त्यातली क्रमांक ४ घेतली. नाव ड-३म.

रक्ताच्या ताटात ड-३म चं वर्तुळ बरंच लहान झालंय, पण पूर्ण गेलेलं नाही. उरलेलं काम एचएलवाय-ए चं असणार.

ग्लिसरॉल घालून उणे ऐंशीत तीन कुप्या. एक तिरकी नळी बाहेर टेबलावर, रोजच्या वापराला. तिच्यात क्लोरॅम्फेनिकॉल घालायचा कंटाळा केला. संपत आलंय.

३१ ऑगस्ट, शनिवार

पाच दिवसांची एकच नोंद, आणि तीही घरून.

सोमवारी, जन्माष्टमीलाच, पावसाने धरलं. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. सयाजीगंज, फतेहगंज, समा, अकोटा भागात पाणी, वस्तीत मगरी. दांडिया बाजारातलं आमचं घर उंचावर म्हणून वाचलं. मामाकडे तळमजल्यावर छातीएवढं. तीन दिवस त्यांच्या घरातला चिखल उपसण्यातच गेले. आजी म्हणत होती, गायकवाडांच्या वेळी अशी नदी कधी वागली नाही. वागली असणार, पण आजीशी कोण वाद घालणार.

काल लॅबमध्ये गेले. पाणी दारापर्यंत येऊन थांबलेलं, पण वीज दोन दिवस नव्हती. उणे ऐंशीचा फ्रीजर खोलीच्या तापमानाला. खाली बर्फाचं डबकं आणि त्यात माझ्या कुप्यांच्या लेबलांची शाई. तीनही कुप्यांमधून काहीच उगवलं नाही. दरम्यान फ्रीजर एकदा गोठला, परत वितळला, परत गोठला असं चौकीदारानं सांगितलं; विजेचा खेळ चालला होता. ड-३ आणि ड-७ चे मूळ नमुने दुसऱ्या इमारतीत आगर-नळ्यांत आहेत, ते वाचले.

ड-३म ची टेबलावरची तिरकी नळी तेवढी शिल्लक आहे.

९ सप्टेंबर, सोमवार

गणपती परवा बसले. आमच्याकडे दीड दिवसाचे, म्हणून आज सकाळी लॅब गाठता आली.

नळीतून ड-३म रक्ताच्या ताटात पसरला. साधारण दोनशे कॉलन्या. बहुतेकांभोवती तेच लहान वर्तुळ. पण सात कॉलन्यांभोवती मोठं, स्वच्छ, ड-३ सारखं. पहिला विचार: मूळ ड-३ मिसळला. माझाच हात. दुसरा विचार: रडावं.

मग त्या सातही कॉलन्या क्लोरॅम्फेनिकॉलच्या ताटात लावल्या.

१० सप्टेंबर, मंगळवार

सातपैकी एकही क्लोरॅम्फेनिकॉलवर उगवली नाही. हे मिसळल्यामुळेही होईल. पण सुईसाइड प्लाझ्मिडचा एक दुर्गुण मी विसरले होते. गुणसूत्रात शिरताना त्याने तो पाचशे अक्षरांचा तुकडा दुप्पट केलेला असतो. तुकड्याच्या दोन प्रती शेजारीशेजारी असल्या की त्या केव्हातरी पुन्हा जुळतात आणि मधलं प्लाझ्मिड निसटून जातं. औषध घातलेलं असतं तर निसटलेली पेशी मेली असती. मी घातलं नव्हतं. तीन आठवडे नळीत जी पेशी निसटली ती जगली.

मिसळलेला ड-३ की परतलेला ड-३म, हे कसं ओळखायचं? जनुक तर दोघांत सारखंच दिसणार. नशिबाने २० ऑगस्टला मी ई. कोलायबरोबर ठेवलेला ड-३ हा रिफॅम्पिसिनला प्रतिकार करणारा पोटवाण होता. त्याचं कारण कंटाळ्याचंच, आधीच्या एका प्रयोगातला तोच हाताशी होता. टेबलावर त्या आठवड्यात असलेला साधा ड-३ रिफॅम्पिसिनवर मरतो. सातही कॉलन्या रिफॅम्पिसिनच्या ताटात लावल्या.

११ सप्टेंबर, बुधवार

सातही उगवल्या. परतलेलेच आहेत.

दुपारी मॅडमना सांगितलं तेव्हा ओरडा खायची तयारी ठेवली होती. त्या खुर्चीत मागे रेलून म्हणाल्या, फॉल्कोवची तिसरी अट वाच.

स्टॅन्ली फॉल्कोव यांनी १९८८ मध्ये अमुक जीवाणूनेच रोग होतो हे ठरवायच्या कॉखच्या जुन्या अटी जनुकांना लावल्या. थोडक्यात: गुण रोगकारक वाणांत सापडावा, त्याचं जनुक मोडलं की रोगकारक क्षमता मोजण्याइतकी घटावी, जनुक पुन्हा दुरुस्त झालं की क्षमता परत यावी. तिसऱ्या अटीसाठी मी नोव्हेंबरमध्ये वेगळ्या प्लाझ्मिडवरून एर-ए परत घालणार होते. माझ्या आळसाने नळीत ते आधीच करून ठेवलं. जनुक मोडलं, वर्तुळ आक्रसलं. जनुक आपोआप जुळलं, वर्तुळ परत आलं. रक्त फोडण्यापुरतं तरी एर-ए चं खातं स्पष्ट झालं.

अर्थात वर्तुळ म्हणजे रोग नव्हे, मूत्रपिंडाचा शिरा तर नव्हेच नव्हे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

जायर-बी चे निकाल एकदाचे आले. ड-३ हायड्रोफिला. प-२ कॅव्ही. ड-७ व्हेरोनाय.

म्हणजे जुलैपासून 'मारणारा वाण' आणि 'न मारणारा वाण' म्हणून ज्यांची तुलना चालवली होती, त्या दोन वेगळ्या जातीच आहेत. हापूस आणि पायरीची नव्हे, आंबा आणि काजूची तुलना. ड-७ का कमी फोडतो याची शंभर कारणं असू शकतात आणि प्रोटीएज त्यातलं एक. जायर-बी ची वाट न बघता पिवळ्या रंगावर विसंबून काम सुरू केलं, ही चूक माझी. एवढंच समाधान, की ही चूक जुनी आणि घराणेदार आहे: हायड्रोफिला म्हणून वर्षानुवर्षं अभ्यासलेला एसएसयू वाणसुद्धा पुढे धाकेन्सिस निघाला.

यापुढे सगळी भिस्त ड-३, ड-३म आणि परतलेला ड-३प या तिघांवर. तिघांत फरक फक्त एका जनुकाचा. ड-७ शेजारी म्हणून राहील.

९ ऑक्टोबर, बुधवार, रात्री २.१०

माशांवर प्रयोग करायला प्राणी-नीतिसमितीची परवानगी लागते. अर्ज दिलाय, बैठक व्हायची आहे. तोवर मेणकिड्याच्या अळ्या. मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणारी, बोटाच्या पेराएवढी, साबणाच्या वडीच्या रंगाची अळी. शेजारच्या विभागात त्या मध आणि कोंड्यावर वाढवतात. शेवटच्या पायाच्या बुंध्यात बारीक सुईने दहा मायक्रोलिटर टोचायचं. अळी आजारी पडली की काळी पडते, तिच्या अंगात मेलॅनिन साचतं. त्यामुळे निकाल वाचायला यंत्र लागत नाही.

काल संध्याकाळी सहाला टोचल्या, प्रत्येक गटात दहा, २८ अंशांना. खिडकीबाहेर गरबा रात्री बाराला थांबला. आता फक्त ताली देत घरी जाणाऱ्या मुलींचे आवाज.

आत्ताची स्थिती. सलाइन: दहाही पांढऱ्या, वळवळणाऱ्या. ड-३: आठ काळ्याठिक्कर. ड-३प: सात. ड-३म: तीन. ड-७: एक.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी दहा वाजता ड-३ च्या दहाही मेल्या. ड-३प च्याही दहा. आणि ड-३म च्या? नऊ. उशिरा मेल्या, पण मेल्या. ड-७ च्या दोन.

एर-ए काढल्यावर मारण्याचा वेग मंदावला, मारणं थांबलं नाही. फक्त रात्री दोनचा आकडा लिहिला असता तर माझा प्रबंध सुंदर झाला असता.

यावर आधी भांडण होऊन गेलंय. १९८७ मध्ये एरोलायसिनचं जनुक मोडलेला हायड्रोफिला उंदरांमध्ये बऱ्यापैकी निवळला होता. १९९८ मध्ये दुसऱ्या गटाने दुसरा वाण घेतला, तर दूधपित्या उंदरांच्या पिल्लांत एकटं एर-ए किंवा एकटं एचएलवाय-ए मोडून भागलं नाही; दोन्ही मोडल्यावरच जोर घटला. मला यात विरोध वाटत नाही. पहिल्या वाणाकडे दुसरी सुरी बोथट असेल, दुसऱ्याकडे दोन्ही धारदार. ड-३ दुसऱ्या घरातला दिसतो.

आणि या अळीच्या मृत्यूत विषांपलीकडचंही बरंच असणार. पेशीत थेट सुई खुपसणारी तिसऱ्या प्रकारची स्रावयंत्रणा ड-३ मध्ये आहे का, तेही पाहिलेलं नाही. ज्या हायड्रोफिलाचा संपूर्ण जीनोम २००६ मध्ये सगळ्यांत आधी वाचला गेला, त्या ७९६६ क्रमांकाच्या वाणात ती यंत्रणा नाहीच. तो वाण आला होता दुधाच्या डब्यातून, माशातून नव्हे! आम्ही सगळे त्याला प्रमाण मानून प्रायमर बनवतो.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतर पहिल्यांदा शांतपणे वाचायला मिळालं. जनुक आणि रोग यांचं नातं इतकं सरळ कधी सापडतं का, हे शोधत होते. एकदा सापडलंय. व्हिब्रिओ अँग्विलारम, समुद्री माशांचा मारेकरी. त्याच्या पीजेएम१ या सुमारे ६५ हजार अक्षरांच्या प्लाझ्मिडवर लोह ओढून घेण्याची सोय आहे. माशाच्या रक्तात लोह मोकळं नसतंच, प्रथिनांनी कुलपात ठेवलेलं असतं. हा जीवाणू अँग्विबॅक्टिन नावाचा लोह पकडणारा रेणू सोडून ते पळवतो. होर्हे क्रोसा यांनी १९८० मध्ये दाखवलं की प्लाझ्मिड गेलं की लोह ओढणं गेलं आणि त्याबरोबर मारण्याची ताकदही. यात विष नाही, भोक नाही. फक्त भुकेल्या घरात धान्य मिळवण्याची हातोटी.

दुसरं वाचून अंगावर काटा आला. एरोमोनास साल्मोनिसिडा, सामन आणि ट्राउटचा. त्याची तिसऱ्या प्रकारची स्रावयंत्रणा पीएएसए५ या प्लाझ्मिडवर बसलेली असते. २५ अंशांना वाढवलं, तर प्लाझ्मिडमधल्या उड्या मारणाऱ्या तुकड्यांमुळे नेमका तोच भाग गळून पडतो आणि जीवाणू निरुपद्रवी होतो. म्हणजे प्रयोगशाळेतलं ऊबदार इनक्यूबेटरच आरोपीचं हत्यार काढून घेतं आणि मग आपण त्याची निर्दोष सुटका करतो. ड-३ थंड पाण्यातला नाही, त्याच्याकडे हे प्लाझ्मिड असण्याचं कारण नाही. तरी जुलैपासून त्याला किती वेळा ३७ अंशांना ठेवलं ते वहीत मोजलं: चौदा. आजपासून सगळं २८ ला. ज्युनियरने इनक्यूबेटरवर चिठ्ठी लावली, "हाथ मत लगाना", कोणत्या भाषेत लावावी यावर आधी पाच मिनिटं चर्चा.

५ डिसेंबर, गुरुवार

२००९ पासून अमेरिकेत अलाबामातल्या कॅटफिशच्या तळ्यांत हायड्रोफिलाचा एक भलताच जहाल वंश पसरला. त्याची एक खूण म्हणजे तो मायो-इनॉसिटॉल एवढ्याच खुराकावर जगतो. ड-३ ला तेवढंच खायला घालून पाहिलं. चार दिवस, काही नाही. तो हा नव्हे. बरं झालं.

२१ डिसेंबर, शनिवार

काकांच्या तळ्यावर गेले. जुलैनंतर पहिल्यांदा. पुरात बांध फुटून निम्मे मासे वाहून गेले होते. उरलेल्यांत, त्यांच्याच शब्दांत, "एके नथी मर्यो". मी पाण्याचं ऑक्सिजन मोजलं, सकाळी साडेसहाला, जेव्हा ते सगळ्यांत कमी असतं. ठीक होतं. जुलैत मी नमुने दुपारी एकला घेतले होते आणि ऑक्सिजन मोजलंच नव्हतं.

परतताना गाळलेल्या पाण्यातून पुन्हा एरोमोनास काढला. अठ्ठावीस कॉलन्यांपैकी पाचांत एर-ए आणि एचएलवाय-ए दोन्ही. त्यातले दोन रक्ताच्या ताटात ड-३ इतकंच मोठं वर्तुळ देतात. म्हणजे हत्यारबंद वाण तळ्यात अजूनही आहेत आणि मासे जिवंत आहेत. जुलैत मासे दाटीवाटीने होते, आता निम्मे. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे दवा म्हणजे कमी मासे? मी म्हटलं, बरंचसं तसंच. त्यांना ते उत्तर आवडलं नाही. कमी माशांनी ठेक्याचे पैसे निघत नाहीत.

प्रबंधात ही नोंद कुठे बसवायची कळत नाही. माझ्या शीर्षकात 'जनुक' आहे, 'दाटी' नाही. मॅडम म्हणाल्या, चर्चेच्या प्रकरणात टाक, तिथे कोणी हटकत नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार

नीतिसमितीची परवानगी आली, माशांचे गट लहान ठेवायच्या अटीवर. आता नळीतल्या अपघाताच्या भरवशावर राहायचं नाही. अख्खं एर-ए पीबीबीआर१-एमसीएस२ या प्लाझ्मिडवर बसवून ड-३म मध्ये घातलं. हे प्लाझ्मिड एरोमोनासमध्ये स्वतंत्र जगतं आणि कॅनामायसिनचा प्रतिकार देतं. शिवाय एचएलवाय-ए तोडायला दुसरा तुकडा तयार आहे.

आज सकाळी ताटात तीन कॉलन्या. तिघींभोवती मोठं वर्तुळ.

बाहेर सगळ्या गच्च्यांवर उत्तरायणाची तयारी, मांजा रंगवणाऱ्यांच्या रांगा. खिडकीतून एक कटलेली पतंग येऊन लॅबच्या नारळाला अडकली आहे.

तीन कॉलन्यांच्या सहा कुप्या केल्या. तीन इथल्या उणे ऐंशीत, तीन दुसऱ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. टेबलावरच्या नळीतही क्लोरॅम्फेनिकॉल आणि कॅनामायसिन दोन्ही घातलं. नवी बाटली शुक्रवारीच मागवली होती.